बंद पडलेला बॉयलर आणि सत्तर वर्षांचा इतिहास

आजची गोष्ट कुठल्या राजाची किंवा लढाईची नाही. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या एका पांढऱ्या पेटीची आहे.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला भाड्याच्या घरात राहतो. जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे सहा. जाग आली तीच कुडकुडत. रेडिएटर गार, नळाला गरम पाणी नाही आणि बॉयलर गुळण्या केल्यासारखा गुडगुडतोय. पडद्यावर एक आकडा लुकलुकत होता. मी रीसेटचं बटण दाबलं. पेटला, गुडगुडला, बंद. परत दाबलं, परत तेच. घरमालकाला फोन केला तर तो म्हणाला, "दाबत राहा, होईल सुरू."

वाटलं, वरचं झाकण उघडून बघावं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाही होता. तेवढ्यात बाहेर शेजारचे आजोबा दिसले. आयुष्यभर गॅस फिटर होते ते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तो स्क्रूड्रायव्हर आधी ठेव. बाहेरच्या भिंतीवरची प्लास्टिकची नळी बघितलीस का?"

त्या नळीकडे येऊच. आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. बॉयलरचं तत्त्व तेच. फक्त इथे जाळ गॅसचा असतो आणि तापलेलं पाणी पंपाने घरभर फिरतं, प्रत्येक खोलीतला रेडिएटर तापवतं आणि गार होऊन परत येतं.

पण ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत हे पूर्वी नव्हतं. दिवाणखान्यात कोळशाची शेगडी, बाकी खोल्या गारठलेल्या. मग आला डिसेंबर १९५२. लंडनवर पाच दिवस धूर आणि धुकं मिळून असं काही बसलं की समोरचा माणूस दिसेना. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ४,००० माणसं गेली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांमध्ये धूर करणाऱ्या कोळशावर बंधनं आली.

मग पर्याय काय? गॅस. पण तेव्हाचा गॅस कोळशापासूनच बनवायचे आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा. म्हणजे न जळता गळला तरी विषारी. १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या ब्रिटिश भागात नैसर्गिक वायू सापडला. त्यात ते विष नाही, पण अडचण वेगळी होती. तेवढ्याच घनफळात त्याची उष्णता जवळजवळ दुप्पट, त्यामुळे जुन्या बर्नरमध्ये तो नीट जळेना. म्हणून १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत फिटर घरोघरी गेले आणि सुमारे ४ कोटी उपकरणं बदलली किंवा दुरुस्त केली. आमचे आजोबा तेव्हा विशीत होते. त्या कामाच्या शेवटच्या वर्षांत तेही पिशवी घेऊन दारोदार फिरले.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका. नैसर्गिक वायूत कार्बन मोनॉक्साइड नसतो, पण हवा कमी पडली की जळताना तो तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठतच नाही.

म्हणून बॉयलरला थांबायला शिकवलं गेलं. जुन्या बॉयलरमध्ये एक छोटी ज्योत कायम जळायची. तिच्यात दोन धातूंचा जोड ठेवलेला असायचा. तो तापला की अगदी थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, जोड गार झाला, झडप बंद. आजच्या बॉयलरमध्ये ज्योतीतून वीज वाहते का, हे एक कांडी तपासत असते. ज्योत नाही, तर गॅस नाही. हवासुद्धा तो खोलीतली घेत नाही. बाहेरची घेतो आणि धूर बाहेरच सोडतो.

मग माझा बॉयलर का बंद पडला? १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्याची निकड वाढली. जुन्या बॉयलरची बरीच उष्णता धुराड्यातून उडून जायची. त्या धुरात वाफ असते. वाफेचं पाणी केलं की तिच्यातली उष्णता परत मिळते. अशा बॉयलरना कंडेन्सिंग बॉयलर म्हणतात, आणि एप्रिल २००५ पासून इंग्लंडमध्ये घरात नवा गॅस बॉयलर बसवायचा तर बहुतेक ठिकाणी हाच बसवावा लागतो.

पण ते पाणी जाणार कुठे? एका प्लास्टिकच्या नळीतून बाहेरच्या गटारात. डिसेंबर २०१० हा शंभर वर्षांतला सर्वात थंड डिसेंबर ठरला. भिंतीबाहेरच्या बारीक नळ्या गोठल्या आणि हजारो घरं ऐन थंडीत गारठली. पाणी तुंबून मागे चढतं, बॉयलर गुडगुडतो आणि स्वतःला बंद करतो. माझंही अगदी हेच झालं होतं. या नळ्या बाहेर जाड घ्याव्यात, त्यांच्यावर वेष्टण असावं, असं नंतर सांगितलं जाऊ लागलं. माझी नळी जुनीच, बोटाएवढी.

उपाय साधा निघाला. कोमट पाणी, उकळतं नाही, तांब्याने त्या नळीवर ओतत राहिलो. दहा मिनिटांनी आत खळखळ झाली. मग एकदाच रीसेट केलं, आणि पेटला! नळी मोकळी असती आणि तरीही तो बंद पडला असता, तर नोंदणीकृत गॅस इंजिनिअरला बोलवायचं. झाकण आपण उघडायचं नाही. तिथे गॅसचं काम पात्रता नसताना करणं कायद्याने गुन्हा आहे.

आजोबा जाताना म्हणाले, "तो बंद पडला म्हणून चिडू नकोस. आमच्या वेळचे काही बंद पडायचेच नाहीत."

ते वाक्य मी विसरलो नाही. आपल्याकडे दर हिवाळ्यात बातमी येते : बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता, आत गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही. वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड. त्यामुळे तुमच्या घरी, हॉस्टेलला, पीजीमध्ये बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल, तर हा भाग थांबवा आणि आधी बघून या. हवा यायला झरोका आहे का? धूर बाहेर जातो का? नसेल तर तो तिथे वापरू नका. घरमालकाला आजच सांगा, गिझर बाहेर बसवायला लावा.

आंघोळ एक दिवस राहिली तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!