दरबारातून जलशाकडे

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १८९६ साली मिरज सोडले, तेव्हा राजाश्रयाची निश्चिंतीही मागे टाकली. गाणे तोवर बहुधा दरबारांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत नांदत होते. तेथे जाणकार नसत असे नव्हे; पण मालक म्हणून ऐकणे निराळे आणि चारचौघांत बसून ऐकणे निराळे. पंडितजींनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. गाण्याला तिकीट! पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही लोकाश्रयावर. तेथला प्रत्येक विद्यार्थी गवई होणार नव्हता. परंतु ऐकणारा कान तयार होत होता.

त्या कानांचे मोल मैफलीत कळते. एखादी जागा आपल्याला भावते, तोच शेजारच्या अनोळखी माणसाचीही मान डोलते. क्षणभर दृष्टादृष्ट होते आणि ती जागा मनात अधिक खोल उतरते. गायकालाही हे उमगते. तीच जागा तो पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो. आकाशवाणीवर गाणे ऐकताना ही सोबत नसते. म्हणूनच की काय, भैरवी सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या माणसाला आपण हाक मारतो.