गुप्ती आणि चंचीतला चाकू

आजच्या भागाचा विषय खिशात मावणारा आहे. आपला छोटा, घडीचा चाकू.

आधी एक प्रश्न. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बीड शहर कशासाठी प्रसिद्ध होतं? दोन वस्तूंसाठी. एक छागल, म्हणजे प्रवासात पाणी न्यायची चामड्याची पिशवी. दुसरी गुप्ती. दिसायला साधी हातातली काठी, पण मूठ ओढली की आतून पातं बाहेर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथल्या कारागिरांच्या या दोन्ही वस्तूंना लांबलांबून मागणी होती. एक तहान भागवणारी, दुसरी जीव घेऊ शकणारी, आणि दोन्ही एकाच गावच्या!

गुप्ती हा शब्द ‘गुप्त’वरून आला, आणि त्यातच तिचं सगळं आकर्षण आहे. समोरच्याला वाटावं की म्हातारा काठी टेकत चाललाय. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. शेजारच्या इंग्रजी मुलखात १८७८ चा हत्यारांचा कायदा लागू होता, म्हणजे परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ चे नियम आले. त्या नियमांच्या यादीत तलवारीसोबत काठीत लपवलेल्या तलवारीचाही स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे सरकारनेही गुप्तीला काठी मानलं नाही, हत्यारच मानलं.

आता आपला चाकू. त्याच यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येत होती. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली होती. आपला घडीचा चाकू चार बोटांचा. तो या मापाच्या खूप आत बसतो.

आमच्याकडे आजोबांच्या पिढीकडे कापडाची चंची असायची. तिच्यात पानं, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता आणि बऱ्याचदा एक चाकू. यातला अडकित्ता शब्द आपल्याकडे कन्नडमधून आला, ‘अडकी’ म्हणजे सुपारी. चाकू फारसीतून आला. म्हणजे एका चंचीत दख्खनचा अर्धा इतिहास! खेडोपाडी पात्याला धार लावून द्यायला घिसाडी यायचे. भाता, ऐरण, हातोडा घेऊन गावाबाहेर पाल ठोकायचे आणि विळे, खुरपी शेवटून द्यायचे.

पण चंचीतल्या चाकूची खरी गंमत वेगळीच. तो मागून घेतला जायचा. बांधावर मोसंबी सोलायची असो की पोत्याची सुतळी तोडायची असो, कुणीतरी म्हणणारच, “आबा, चाकू हाय का?” आबा चाकू काढणार, पातं आपल्याकडे ठेवून मूठ पुढे करणार. कांद्याला तर चाकूही लागायचा नाही, बुक्कीत काम व्हायचं. तरी चाकू हवाच, कारण चाकूवाला माणूस चार जणांच्या कामाचा.

हे आपल्यापुरतंच आहे असं नाही. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला आणि तो शेतकऱ्या-कामगारांच्या खिशात गेला. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले. त्यात पात्यासोबत डबा उघडायचं अवजार आणि पेचकसही होता. सैनिकाच्या खिशातही चाकू गेला तो डबा उघडायला!

मी पुण्यात कोड लिहितो. आमच्या क्षेत्रात एक काम नीट करणाऱ्या छोट्या टूलला फार मान असतो. घडीचा चाकू तसाच. चार्जिंग नको, अपडेट नको.

पण मंडळी, एक गोष्ट नीट ऐका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण-निवडणुकीच्या काळात जमावबंदीसोबत हत्यारबंदीचेही आदेश निघतात, आणि त्या कलमात चाकू आणि काठी दोन्हींची नावं आहेत. विमानात तर तो हातातल्या बॅगेत चालतच नाही. तेव्हा शेतात न्या, सहलीला न्या. मिरवणुकीत आणि सभेत नको.

हे सांगायचं कारण आपलं बीडच. २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या पिस्तुलांच्या परवान्यांची फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. कमरेला पिस्तूल लावून काढलेले रील्स तुम्हीही पाहिले असतील. लोकांना वाटतं बीड म्हणजे हेच.

मला वाटतं आपल्याकडे दोन वारसे आहेत. एक गुप्तीचा: समोरच्याची भीती वाटते म्हणून, किंवा त्याला भीती वाटावी म्हणून पातं बाळगायचं. दुसरा चंचीतल्या चाकूचा: कुणीतरी मागेल म्हणून बाळगायचा. आता तुमच्या घरात कुठल्यातरी फडताळात आजोबांचा चाकू गंजत पडला असेल, तर त्याला थोडं खोबरेल तेल लावा, धार करून घ्या आणि पुढच्या वेळी शेतावर जाताना सोबत न्या. मोसंबी सोला आणि पहिली फोड शेजारच्याला द्या.

भेटू पुढच्या भागात!