साठेखत ते खरेदीखत : मधल्या काळातले घर

घराचा सौदा एका दिवसात पुरा होत नाही. आधी इसार दिला जातो, मग साठेखत होते, कर्ज मंजूर होते, जुने बोजे उतरवले जातात आणि काही महिन्यांनी खरेदीखत नोंदले जाते. या मधल्या काळात घराला आग लागली, पुराचे पाणी शिरले किंवा भिंत खचली, तर नुकसान कोणाचे? पैसे मोजणाऱ्याचे, की कागदावर अजून ज्याचे नाव आहे त्याचे? या साध्या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे आपल्याकडे सुमारे ऐंशी वर्षे एकाच वेळी कायद्याच्या पुस्तकात नांदत होती. त्याची ही हकीकत.

सर्वांत जुने उत्तर धर्मशास्त्राचे. विकलेली वस्तू हवाली न करण्याच्या वादाला स्मृतिकारांनी ‘विक्रीयासंप्रदान’ असे स्वतंत्र व्यवहारपद दिले. याज्ञवल्क्याचा दंडक असा : घेणाऱ्याने मागूनही विकणाऱ्याने माल दिला नाही आणि तो राजामुळे किंवा दैवामुळे बिघडला, तर हानी विकणाऱ्याची. विकणारा देत असताना घेणाऱ्यानेच टाळाटाळ केली, तर हानी घेणाऱ्याची. या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली गेली आणि पुढे पश्चिम हिंदुस्थानात प्रमाण मानली गेली. राजा आणि दैव ही जोडी मराठीत ‘राजिक-दैविक’, ‘अस्मानी-सुलतानी’ अशी आजही ओळखीची आहे. हे नियम मुख्यतः बाजारातल्या मालाचे, ते घराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यांतली दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे. उशीर कोणी केला आणि वस्तू कोणाच्या हाती राहिली, हे तिथे आधी विचारले जाते.

रोमन कायद्याने नेमकी उलटी बाजू घेतली. इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’नुसार सौदा ठरताच जोखीम घेणाऱ्यावर जाते. ताबा मिळण्याआधी घर जळाले किंवा नदीने जमीन खरवडून नेली, तरी किंमत द्यावीच लागे. इंग्लंडमध्ये लॉर्ड एल्डन यांनी १८०१ मध्ये ‘पेन विरुद्ध मेलर’ या खटल्यात असाच निवाडा दिला. तिथली उपपत्ती मात्र निराळी होती. करार होताच न्यायबुद्धीच्या दृष्टीने मिळकत घेणाऱ्याची होते, म्हणून तोटाही त्याचाच.

या तत्त्वाचा विचित्र परिणाम लिव्हरपूलच्या एका व्यवहारात दिसला. ३,१०० पौंडांना ठरलेली इमारत खरेदीखताआधी जळाली. विकणाऱ्याचा आगीचा विमा होता, त्याला ३३० पौंड मिळाले. घेणाऱ्याने पूर्ण किंमत चुकती केली आणि विम्याचे पैसे मागितले. १८८१ मध्ये अपील कोर्टाने ते नाकारले, कारण विम्याचा करार त्याच्याशी नव्हता. १८८३ मध्ये विमा कंपनीने विकणाऱ्यावर दावा केला : तुम्हाला पूर्ण किंमत मिळाली, मग नुकसान कसले? कंपनी जिंकली. विम्याचा हप्ता भरला गेला होता, इमारतही जळाली होती, पण भरपाई अखेर कोणाच्याच हाती राहिली नाही. १९२५ च्या कायद्याने इंग्लंडने ही विसंगती दुरुस्त केली.

हेच इंग्रजी तत्त्व आपल्याकडे १८७७ च्या विशिष्ट साहाय्य कायद्यातून आले. त्याच्या कलम १३ खाली एक उदाहरण दिले होते. ‘अ’ने ‘ब’ला एक लाख रुपयांना घर विकण्याचा करार केला आणि दुसऱ्याच दिवशी चक्रीवादळात ते घर नष्ट झाले. तरीही ‘ब’ला किंमत देण्यास भाग पाडता येईल, असे कायदा म्हणत होता.

पाचच वर्षांनी, १८८२ मध्ये, मालमत्ता हस्तांतरण कायदा आला. त्याच्या कलम ५४ ने सांगितले, की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. कलम ५५ ने ताबा देईपर्यंत सामान्य शहाण्या मालकाइतकी काळजी घेण्याचे बंधन विकणाऱ्यावर टाकले, आणि नुकसान सोसण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते ती मालकी त्याच्याकडे गेल्यावरच, असे ठरवले. म्हणजे १८७७ च्या उदाहरणातला ‘ब’ या कायद्यात मोकळा सुटतो. मुंबई इलाख्याला हा कायदा लागू झाला तो १ जानेवारी १८९३ पासून. त्यानंतर इथेही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी उभी राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात नदीकाठचे वाडे कोसळले, त्या दिवशीही ती दोन्ही अमलात होती. साठेखत झालेला एखादा वाडा त्यांत असता, तर दोन्ही पक्षांच्या वकिलांना आपापल्या सोयीचे कलम सापडले असते.

या पेचाची एक बाजू सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ‘सत्यब्रत घोष’ खटल्यात स्पष्ट केली होती. विक्रीच्या कराराने घेणाऱ्याला जमिनीत हक्क मिळतो, हा इंग्रजी विचार आपल्याकडे लागू नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९६३ च्या नव्या विशिष्ट साहाय्य कायद्यात जुने कलम १३ उरले नाही, आणि वादळात पडलेले ते घरही पुस्तकातून गेले.

मग प्रश्न मिटला का? तत्त्वाचा मिटला, व्यवहाराचा नाही. आजही अनेक ठिकाणी बहुतेक रक्कम घेऊन किल्ली दिली जाते आणि खरेदीखत मागाहून होते. ताबा दिल्यामुळे विकणाऱ्याचे काळजी घेण्याचे बंधन संपते, पण मालकी त्याचीच राहते. घेणारा घरात राहतो, विमा मात्र विकणाऱ्याच्या नावावर असतो किंवा नसतोच. विम्याची रक्कम दुरुस्तीला लावण्याची मागणी करण्याचा कलम ४९ चा हक्कसुद्धा हस्तांतर झाल्यानंतरचा आहे. आगाऊ दिलेल्या रकमेसाठी घेणाऱ्याचा मिळकतीवर बोजा राहतो खरा, पण पडलेल्या घरावरच्या बोज्याने राहायला छप्पर मिळत नाही.

कलम ५५ उभय पक्षांना वेगळे ठरवण्याची मुभा देते. तरीही साठेखतात हप्त्यांच्या तारखा तपशिलाने येतात आणि राजिक-दैविकाचे कलम पुष्कळदा येतच नाही. खरेदीखतापर्यंत जोखीम कोणाची, विमा कोणी उतरवायचा, ताबा घेण्याआधी पाहणी केव्हा करायची, नुकसान झाल्यास दुरुस्ती, किमतीत सूट की पैसे परत, हे सारे चार-पाच ओळींत मावते. घेणाऱ्याने मागितले तेव्हा वस्तू कोणाच्या हाती होती, हा याज्ञवल्क्याचा प्रश्न साठेखत लिहितानाच विचारला, तर तो कोर्टात विचारण्याची वेळ येणार नाही.