मधमाशी पाळण्याची पहिली इयत्ता

पंचामृतातील दुधाची कथा आपणां मुंबईकरांना ठाऊक आहे. शहरातले गोठे गोरेगावच्या टेकड्यांत हलविण्यासाठी 1949 साली आरे कॉलनी वसली. 4 मार्च 1951 रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. मधाची व्यवस्था कोणी लावली, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ती त्याच मुंबई प्रांताच्या राजवटीत, 1946 च्या सुमारास, महाबळेश्वरी लागली.

तिथला विद्यार्थी अडाणी नव्हता, आणि खरी अडचण हीच होती! ढोलीतले सातेरीचे मोहोळ कोठे असते हे तो जाणत होता. कड्यावरचे आग्यामोहोळ धुरी देऊन उतरवीत होता. पण ती विद्या घेण्याची होती, राखण्याची नव्हती. पोळे पिळताना मधाबरोबर अळ्याही पिळल्या जात, आणि वसाहत गेली ती जाईच.

आग्या उघड्यावर एकच थोरले पोळे बांधते. ती पेटीत नांदत नाही. सातेरी अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून ती नांदते. दोन पोळ्यांमध्ये माशी ठराविक वाट मोकळी सोडते. हे अंतर हेरून लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याने 1851 साली सुट्या चौकटींची पेटी सिद्ध केली.

तेव्हा नवशिक्याचा पहिला धडा मधाचा नव्हे, चौकट न हिसकता सरळ वर उचलण्याचा. राणी दिसली नाही तरी ताजी अंडी दिसली की ती आहे, असे समजावे. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. मध वरच्या मजल्यातला घ्यावा, तोही यंत्रात चौकट फिरवून. रिकामे पोळे माशीला परत द्यावे, म्हणजे मेण घडविण्याचे तिचे श्रम वाचतात.

कठीण धडा पावसाळ्याचा. धोधो पावसात माशीला बाहेर पडता येत नाही. साखरेचा पाक आपल्याला पाजावा लागतो. मध विकून पैसा मिळतो हे कोणालाही पटते. पण मधाच्या धंद्यासाठी आधी साखर विकत घ्यायची, हे गरीब शेतकऱ्याच्या गळी उतरविणे सोपे नाही. त्याला हट्टी म्हणणाऱ्याने आपला खिसा आधी चाचपावा.

पुढे 1962 साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. 1991 नंतर विषाणूरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती बुडविल्या. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर 2022 साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

आरेला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात कारवी 2016 साली फुलली, पुन्हा 2024 साली. सह्याद्रीत ती पाऊस ओसरताना फुलते. ज्याने आषाढ-श्रावणात पाक पाजला, त्याच्याच पेटीत तेव्हा माशा उरलेल्या असतात.