गवताचा मुकुट आणि पुरुषी वेष

संतचरित्रावरील एखादा चित्रपट धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवला गेला की घरी परतताना वाटेत एक प्रश्न हमखास निघतो: 'हे सारे खरेच असे घडले होते का?' प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बहुधा तारखा, तलवारी आणि पोशाख तपासून दिले जाते. डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' या १९२८ सालच्या मूकपटापुढे ही कसोटी अपुरी पडते. या चित्रपटाने इतिहासाचे शब्द कसोशीने जपले आहेत, आणि तरीही एका ठिकाणी त्याने इतिहासाला बगल दिली आहे. ती जागा कोणती, हे वाचकांसमोर ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मूळ घटना थोडक्यात. २३ मे १४३० रोजी काँपिएन्य येथे जोन बर्गंडीच्या सैनिकांच्या हाती सापडली. त्यांनी तिला पैसे घेऊन इंग्रजांच्या स्वाधीन केले. रुआँ शहरात बोवेचे बिशप पिएर कोशाँ यांच्या अध्यक्षतेखाली तिच्यावर पाखंडाचा खटला चालला आणि ३० मे १४३१ रोजी तिला जाळण्यात आले. तेव्हा ती सुमारे एकोणीस वर्षांची होती. खटला धर्मसत्तेचा होता, म्हणून तिला धर्मसत्तेच्या बंदीगृहात, स्त्रियांच्या सोबतीत ठेवायला हवे होते. प्रत्यक्षात ती रुआँच्या किल्ल्यात, पायांत बेड्या घालून, इंग्रज पहारेकऱ्यांच्या ताब्यात होती. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच सारे अवलंबून आहे.

खटल्याच्या रोजच्या कामकाजाची नोंद लेखनिक करीत असत आणि ती नोंद आजही उपलब्ध आहे. इतिहासकार पिएर शांपियाँ यांनी ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी संपादून प्रसिद्ध केली. तेच ड्रायर यांचे सल्लागार होते. चित्रपटाचा आरंभच या जुन्या दप्तराची पाने उलटणाऱ्या हातांनी होतो. पडद्यावरील पाट्यांवर येणारे प्रश्न आणि उत्तरे बहुतांशी त्याच पानांतली आहेत. 'तू ईश्वरी कृपेत आहेस का?' हा सापळ्यासारखा प्रश्न व त्याला त्या अशिक्षित मुलीने दिलेले नम्र, पण न सापडणारे उत्तर दप्तरात आहे आणि पडद्यावरही आहे. मात्र २१ फेब्रुवारीपासून तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेले कामकाज ड्रायर यांनी जणू एकाच दिवसात बसवले आहे. याबद्दल आमची तक्रार नाही. दीड तासाच्या खेळात तीन महिने कसे मावावेत?

तंत्राच्या दृष्टीने हा चित्रपट म्हणजे चेहऱ्यांचा चित्रपट. किल्ल्याचा भलामोठा देखावा खर्च करून उभारला गेला, पण तो पडद्यावर जेमतेम दिसतो. कॅमेरा सतत चेहऱ्यांच्या निकट. नटांना रंगभूषा नाही. त्वचेवरील प्रत्येक सुरकुती, चामखीळ, घामाचा थेंब स्पष्ट दिसतो. न्यायाधीश खालून टिपलेले, म्हणून अंगावर आल्यासारखे भासतात. त्यांच्यामागे रिकामी पांढरी भिंत किंवा आकाश. कोण कुठे बसला आहे हेही नीट कळत नाही, आणि आपणही जोनइतकेच गोंधळतो. जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेत्तीचे केस कॅमेऱ्यासमोर खरोखरच कापण्यात आले. तिच्या डोळ्यांविषयी काय लिहावे? ते पाहिलेच पाहिजेत.

पोशाखांविषयी एक आक्षेप घेतला जातो. इंग्रज शिपायांची पसरट कडेची शिरस्त्राणे पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या टोपांसारखी दिसतात. पण तशी शिरस्त्राणे पंधराव्या शतकातही वापरात होती. ड्रायर यांनी हे साम्य बहुधा जाणूनबुजून राखले असावे.

प्रतीके मोजकी आणि साधी आहेत. कोठडीच्या खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर क्रूसासारखी पडते; ती पाहून जोनच्या मुद्रेवर समाधान उमटते. तेवढ्यात तिचा हितचिंतक म्हणून वावरणारा धर्मगुरू ल्वाझलर आत येतो आणि ती सावली पुसली जाते. दफनभूमीत तिच्याकडून माघारीच्या कागदावर सही घेतली जात असताना कवटीतून वळवळत बाहेर पडणारा किडा दिसतो. आणि गवताचा मुकुट. पहारेकरी थट्टेने तो तिच्या डोक्यावर ठेवतात. वधस्तंभावरील प्रभूच्या काटेरी मुकुटाची आठवण कोणालाही करून द्यावी लागत नाही. माघारीनंतर तिचे केस भादरले जातात, आणि खाली पडलेल्या केसांबरोबर तो मुकुटही झाडून नेला जाताना ती पाहते. त्याच क्षणी ती न्यायाधीशांना परत बोलावते: मी खोटे बोलले, आगीच्या भीतीने सही केली. तिचे मरण तिथे निश्चित होते.

दृश्य हृदयस्पर्शी आहे. प्रथम पाहिले तेव्हा आम्हीही डोळे पुसले. पण ज्या जागेचा आम्ही आरंभी उल्लेख केला, ती हीच.

दप्तर सांगते ते असे. तिने २४ मे रोजी माघार घेतली, स्त्रीवेष स्वीकारला, आणि तिला जन्मठेप सुनावण्यात आली. २८ मे रोजी कोशाँ कोठडीत गेले, तेव्हा ती पुन्हा पुरुषी वेषात होती. का, असे विचारल्यावर तिने जी कारणे दिली, त्यांत आपल्या संतांच्या वाणीचा उल्लेख आहे: जीव वाचवण्यासाठी आपण विश्वासघात केला, असे त्या वाणीने तिला सांगितले होते. या उत्तराशेजारी समासात लेखनिकाने लॅटिनमध्ये दोन शब्द लिहिले, त्यांचा अर्थ 'प्राणघातक उत्तर'. चित्रपटाने घेतले ते एवढेच. पण त्याच दिवशी तिने आणखीही काही सांगितले. पुरुषांमध्ये राहायचे तर पुरुषी वेषच योग्य. मला मिस्सा ऐकू देऊ, कम्युनियन देऊ, बेड्या काढू, असे वचन दिले होते, ते पाळले गेले नाही. मला चांगल्या बंदीगृहात ठेवा, मग ख्रिस्तसभा सांगेल तसे मी वागेन.

पुढे तिच्या आईच्या अर्जावरून, पोप तिसरे कॅलिक्स्तस यांच्या अधिकाराने खटल्याची फेरतपासणी झाली. त्या सुमाराच्या चौकश्यांत ज्यां मास्यो या धर्मगुरूने साक्ष दिली. जोनला कोठडीतून न्यायालयात नेण्या-आणण्याचे काम त्याच्याकडे होते. जोनकडूनच ऐकलेली हकिगत त्याने सांगितली: त्रैक्याच्या रविवारी सकाळी पहारेकऱ्यांनी तिचा स्त्रीवेष काढून घेतला आणि पुरुषी कपडे तिच्यापुढे टाकले. हे मला निषिद्ध आहे, असे ती दुपारपर्यंत विनवीत राहिली. अखेर देहधर्मासाठी उठणे भाग पडले आणि तिला ते अंगावर चढवावे लागले.

याच मास्योला ड्रायर यांनी चित्रपटात कोवळ्या मनाचा तरुण संन्यासी केले आहे. आंतोनँ आर्तो यांनी ती भूमिका केली. चितेसमोर जोनला दिसावा म्हणून क्रूस उंच धरणारा तोच. त्याचा चेहरा चित्रपटात अजरामर झाला, पण त्याची साक्ष वगळली गेली. न्यायाधीश तिला पुरुषी वेषाबद्दल विचारतात ते चित्रपटात आहे. तो वेष पुन्हा अंगावर येण्याचा प्रसंगच नाही. गवताच्या मुकुटाने त्याची जागा घेतली.

याने काय बिघडले, असे कोणी विचारील. आमच्या मते बरेच बिघडले. चित्रपटातील जोन स्वतःच्या मनाशी झगडून मरण पत्करते. न्यायाधीश निर्दय खरे, पण त्या घटकेला जणू प्रेक्षकच. दप्तरातील जोन बेड्यांत जखडलेली, दिलेल्या शब्दाची आठवण करून देणारी, पहारेकऱ्यांना भिणारी मुलगी आहे. तिची वाणीवरील निष्ठा तीच, धैर्यही तेच. मात्र तेथे न्यायासनाचा दोष कितीतरी जड होतो, कारण चांगले बंदीगृह देणे त्यांच्या हाती होते.

चित्रपटातील धर्मगुरूंचे चित्रण पाहून अनेक कॅथलिकांना तेव्हा वेदना झाल्या. पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आक्षेपानंतर फ्रान्समध्ये काही भाग कापला गेला. आम्हाला हा आक्षेप पटत नाही. तो खटला ख्रिस्तसभेनेच ७ जुलै १४५६ रोजी रद्दबातल ठरवला, आणि १९२० साली जोनला संतपद दिले. शिवाय खटल्याच्या वैधतेला विरोध करणारे निकोला द उपविल हेही धर्मशास्त्राचे जाणकारच होते. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला.

चित्रपटाची मूळ निगेटिव्ह १९२८ साली बर्लिनमध्ये आगीत भस्मसात झाली. पुढे अनेक वर्षे मोडक्यातोडक्या आवृत्त्याच दाखवल्या जात. १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ आवृत्तीची प्रत सापडली. आज पाहायला मिळतो तो चित्रपट तिच्यावरून सिद्ध झालेला. एखाद्या धर्मग्रामाने तो जरूर दाखवावा. मात्र खेळ संपून दिवे लागले की कोणीतरी उभे राहून २८ मे १४३१ ची ती नोंद मोठ्याने वाचून दाखवावी.