कोपऱ्यावरचा माणूस : कबड्डीतील बचावपटूच्या पेशाचा इतिहास

१/ भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्या मोकळ्या झाल्या की गावोगावी मंडई भरू लागतात आणि मैदानांवर कबड्डीच्या रेषा आखल्या जातात. प्रेक्षकांच्या तोंडी नाव असते ते चढाईपटूचे. कोपऱ्यावर ओणवा उभा असलेला बचावपटू सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. हा धागा त्याच्याविषयी.

२/ संघात सात खेळाडू. त्यांच्या दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक. चढाईपटूने पाय लांबवताच त्याचा घोटा धरणे हे त्यांचे काम. चढाईपटू रिकाम्या हाताने परत जाऊ शकतो. बचावपटूने मात्र एकदा हात घातला की माघार नाही : पकड सुटली तर गुणही जातो आणि तो स्वतःही बाद होतो.

३/ पूर्वी या खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजला जाई. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक गडी पुन्हा मैदानात येई.

४/ आजचे नियम ‘संजीवनी’च्या वळणाचे आहेत. म्हणूनच पकडीचे मोल दुहेरी ठरले : एक गुण मिळतो आणि बाहेर बसलेला सोबतीही परततो.

५/ या इतिहासात विदर्भाचा वाटा मोठा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत कबड्डीही होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

६/ राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो. त्यामुळे भंडाऱ्याच्या खेळाडूची वाट विदर्भाच्या संघातून जाते.

७/ १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा प्रथमच पदकासाठी समावेश झाला आणि भारताने सुवर्ण जिंकले. तरीही खेळाडूचा चरितार्थ चाले तो रेल्वे, पोलीस, बँका किंवा सरकारी कंपन्यांतील नोकरीवर. खेळ ही नोकरी मिळवण्याची वाट होती. ती स्वतः नोकरी नव्हती.

८/ त्याच दशकात, १९९५ साली, अमेरिकन फुटबॉलमध्ये डीऑन सँडर्स या बचावपटूशी डॅलस काउबॉयज संघाने सात वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलरचा करार केला. त्याची जागा होती ‘कॉर्नरबॅक’, म्हणजे तोही कडेवरचाच राखणदार.

९/ भारतात हे चित्र पालटले ते २०१४ मध्ये. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या लिलावात सर्वोच्च बोली होती १२ लाख ८० हजार रुपये. दूरचित्रवाणीने प्रत्येकाच्या पकडी मोजायला सुरुवात केली. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेली ‘अव्वल पकड’ दोन गुणांची ठरली. कोपऱ्यावरच्या माणसाला प्रथमच आकडेवारी लाभली.

१०/ गिरीश एर्नाक हा महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक याच काळात घडला. २०१७ मध्ये तो पुणेरी पलटणकडून खेळला आणि २०१८ च्या हंगामात त्याच संघाचा कर्णधार झाला. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेसाठी तो भारतीय संघात होता.

११/ १९९० पासून पुरुष गटातील सातही सुवर्णपदके भारताने जिंकली होती. २३ ऑगस्ट २०१८ रोजी उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. भारताच्या वाट्याला कांस्य आले. इराणची ताकद होती पकडीत.

१२/ त्या इराणी बचावाचा आधार होता फझल अत्राचली, डावा कोपरारक्षक. जकार्ताच्या तीन महिने आधी यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले होते. प्रो कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा प्रथम गाठणारा खेळाडू चढाईपटू नव्हता. तो बचावपटू होता.

१३/ चार वर्षांत बारा लाखांवरून एक कोटी. खेळ तोच, घोट्यावरची पकडही तीच. बदलले ते एवढेच, की तिची नोंद ठेवली जाऊ लागली. मंडईच्या मैदानावर मात्र ती आजही कोणी लिहून ठेवत नाही, आणि तेथे कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोराला पुढे जायचे तर त्याच्या पकडी कोणीतरी मोजाव्याच लागतील.