ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पाणी कुठे मुरतंय? गळती शोधण्याची आणि रोखण्याची पद्धत

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायचं छोटं घर. पलंग, ओटा, बाथरूम, सगळं आत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी काही जण सुट्टीसाठी असा ट्रेलर भाड्याने घेतात, तर काही जण जुना विकत घेतात. मी ओहायोमध्ये असाच एक जुना घेतला. कपाटाखाली वाटीएवढा पिवळा डाग होता. मी त्या डागाजवळच्या फटीत सिलिकॉन भरलं आणि विषय संपला असं समजलो. पुढच्या एप्रिलमध्ये तिथे पाय ठेवला तर प्लायवूड स्पंजसारखं दबलं. पाणी त्या फटीतून येतच नव्हतं. ते छताच्या कडेला असलेल्या छोट्या दिव्यातून शिरून भिंतीच्या आतून खाली उतरत होतं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: डाग दिसतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा बहुतेक वेळा वेगळी असते.

पाणी शिरतं कुठून?

ट्रेलरचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. छतावर बऱ्याचदा ईपीडीएम किंवा टीपीओ नावाचं रबरासारखं आवरण असतं. हे आवरण फाटलं नसेल तर सहसा गळत नाही, गळतात ते सांधे. हवा जायचे झरोके, एसी, अँटेना, कडेचे दिवे, खिडक्या, बाहेर सरकणारी खोली, जिथे जिथे भोक पाडून काही बसवलंय तिथे धोका. रस्त्यावर सांगाडा सतत हलतो, उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. मग सीलंट कडक होतं आणि त्याला चिरा पडतात.

आधी ठरवा: पाऊस, पाइप की दमट हवा?

पाइप: सगळे नळ बंद करा आणि पाण्याचा पंप चालू ठेवा. दाब तयार झाला की पंप आपोआप थांबतो. नळ न उघडता तो मध्येच पुन्हा घरघरला, तर पाइपमध्ये गळती आहे किंवा पंपाचा वॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. फोनचा व्हॉइस रेकॉर्डर पंपाजवळ तासभर चालू ठेवा. नंतर सगळं ऐकायची गरज नाही, आवाजाच्या आलेखात उंचवटे दिसले की समजा पंप चालला होता.

दमट हवा: १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यात आपला श्वास आणि स्वयंपाकाची वाफ. पाऊस नसतानाही सकाळी सगळ्याच थंड काचांवर थेंब दिसले, तर ती गळती नाही. झरोका उघडा.

पाऊस: ओल एकाच जागी आणि पावसानंतर वाढत असेल तर पाणी बाहेरून येतंय.

फोन काय करू शकतो, काय नाही?

भिंतीतला ओलावा मोजणारा सेन्सर आपल्या फोनमध्ये नसतो. नुसतं ॲप टाकून ओल कळते, असा दावा कुणी केला तर विश्वास ठेवू नका. पण टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा मारा: फुगवटे आणि सुरकुत्या लगेच उठून दिसतात. डागाशेजारी नाणं ठेवून दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढा. डाग वाढतोय की जुना आहे ते कळेल.

फोनला जोडायचा थर्मल कॅमेरा फक्त तापमान दाखवतो. थंड पट्टा म्हणजे ओल असू शकते, किंवा तिथे इन्सुलेशनच नसेल. खात्रीसाठी दोन सुयांचा मॉइश्चर मीटर वापरा. ओल्या लाकडातून वीज सहज वाहते, त्यावरून तो आकडा देतो. आधी नक्की कोरड्या जागेवर लावून तुलना करा. १५ टक्क्यांच्या खाली ठीक. २० टक्क्यांच्या वर लाकूड कुजायचा धोका.

सिंकखाली ठेवायचे अलार्म सेन्सर उपयोगी आहेत, पण पाणी त्यांना टेकलं तरच वाजतात. भिंतीच्या आत चाललेली गळती त्यांना कळत नाही.

नेमकी जागा शोधा

एकाने बाहेर पाइप धरायचा, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं, दोघं फोनवर. सुरुवात खालून करा आणि हळूहळू वर जा. प्रत्येक जागी १० मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळणारं पाणी सगळेच सांधे भिजवतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, तो चांगले सांधेही उचकटतो. काही वर्कशॉपमध्ये पंख्याने आत हवा भरतात आणि बाहेरून साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की तिथे फट.

गळती रोखायची कशी?

• दर ३ महिन्यांनी छत तपासा. सगळ्या छतांवर चालता येत नाही, म्हणून शिडीवर उभं राहून सेल्फी स्टिकने व्हिडिओ काढा.
• छताच्या आडव्या भागावर त्या आवरणाला चालणारं, स्वतः पसरणारं सीलंट लावा. खिडकी किंवा दिवा काढून पुन्हा बसवताना खाली ब्युटाइलची पट्टी लावा.
• छतावर सिलिकॉन नको. ते रबराला नीट धरत नाही, आणि त्याचा थर राहिला तर नवीन सीलंटही धरत नाही.
• कॅम्पमधल्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. ४० ते ५० पीएसआय पुरे.
• पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. हिवाळ्याआधी टाकी आणि पाइप रिकामे करा, मग प्रोपिलीन ग्लायकॉलचं, ट्रेलरसाठीचं अँटीफ्रीझ भरा. गाडीचं कूलंट चालणार नाही, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

माझ्या ट्रेलरचं कुजलेलं प्लायवूड कापून नवीन बसवायला दोन शनिवार-रविवार गेले. दिव्याखालची पट्टी बदलायला फक्त अर्धा तास लागला. जुना ट्रेलर बघायला जाणार असाल तर मीटर खिशात ठेवा आणि सगळ्यात आधी कपाटांच्या आतले कोपरे तपासा. रंग नवा आणि कोपरा ओला असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.